घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर उपवासकाळ आणि ईस्टर कसा पाळावा

घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला उपवासकाळ (लेंट, ईस्टरआधीचे चाळीस दिवस) जड जातो. दर शुक्रवारी मरणाचं स्मरण, वेदीवर जांभळं कापड, गाणी सगळी दुःखसहनाची, आणि मग ईस्टरला, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, एका रात्रीत चहूकडे ‘आलेलुया’ हा आनंदाचा घोष. ‘यंदा चर्चला गेलंच नाही तर चालेल का?’ असं शोकातली माणसं हळूच विचारतात. वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अशा घरांना भेटी देणाऱ्यांपैकी मी एक आहे. तिथे जे सांगत आलो, तेच इथे क्रमाने लिहितो आहे. लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्यांना किंवा बऱ्याच वर्षांनी चर्चकडे वळलेल्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून अगदी साध्या गोष्टीही घेतल्या आहेत. माझी रीत कॅथलिक आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत जिथे वेगळं असतं, तिथे तसं सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ईस्टरपर्यंत सावरलंच पाहिजे, असं तुमच्यावर कुणीही बंधन घातलेलं नाही. चर्च चाळीस दिवस प्रायश्चित्ताला देतं आणि पुनरुत्थानाच्या आनंदाला त्याहून जास्त, पन्नास दिवस देतं. ज्यांनी येशूला उठलेला पाहिला त्यांनासुद्धा विश्वास बसायला वेळ लागला. तुम्हालाही तो वेळ आहे.

तारखा पाहून ठेवा

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, हा ढोबळ नियम. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. उपवासकाळाचा पहिला दिवस म्हणजे भस्म बुधवार. २०२६ मध्ये भस्म बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये भस्म बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला. मधले दिवस मोजले तर सेहेचाळीस भरतात, कारण सहा रविवार चाळिसात धरत नाहीत. रविवार हा उपवासकाळातही पुनरुत्थानाचाच दिवस असतो.

कॅलेंडरवर या तारखांशेजारी घरातल्या तारखा लिहा: गेलेल्या माणसाचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, दवाखान्यात नेलं तो दिवस, वर्षाची मिस्सा (वर्ष झाल्यावर त्यांच्यासाठी होणारी चर्चमधली उपासना). कुठला आठवडा अवघड जाणार हे आधी दिसलं, तर त्या आठवड्यात सोबतीला कुणाला बोलवायचं ते ठरवता येतं.

त्यानंतर फादरांना किंवा पाळकांना एकदा भेटा. फोनवर नको, प्रत्यक्ष भेटा. ‘घरात हे झालं आहे, या वर्षी मला जड जाणार आहे,’ एवढं सांगितलं तरी पुरतं. वाचन करणाऱ्यांत किंवा गायनमंडळात तुमचं नाव असेल आणि यंदा ते जमणार नसेल, तर तेही याच भेटीत सांगून टाका.

भस्म बुधवार

कपाळावर लावायची राख येते कुठून, हे पुष्कळांना माहीत नसतं. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक घरी नेतात, घरच्या वेदीवरच्या क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या पडतात. भस्म बुधवारच्या आधी त्या चर्चमध्ये परत जमा होतात आणि जाळून त्यांचं भस्म करतात. तुमच्या घरातली झावळी गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने खोचलेली असू शकते. ती काढताना हात थांबेल. घाई करू नका. ती देववत नसेल तर राहू द्या, भस्म इतरांच्या झावळ्यांचंही होतं.

त्या दिवशी राख लावताना फादर दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एक, तू माती आहेस आणि मातीला मिळशील याची आठवण ठेव. दुसरं, पश्चात्ताप कर आणि सुवार्तेवर विश्वास ठेव. पहिलं वाक्य ज्याने नुकतीच कबरीत मूठभर माती टाकली आहे त्याला फार लागतं. लागू द्या, पण तयारीने जा. रांगेत सोबत कुणीतरी असू द्या, आणि राख लावून घेतल्यावर लगेच बाहेर पडावंसं वाटलं तर पडा. मला स्वतःला या दिवशी एका गोष्टीचा आधार वाटतो: रांगेतल्या प्रत्येकाला, लहान पोरांना, नव्या नवरीला, खुद्द फादरांनाही, तेच वाक्य ऐकावं लागतं. बाकीच्या दिवसांत शोक करणारा माणूस गर्दीत वेगळा पडतो. त्या बुधवारी सगळा गाव त्याच्या ओळीत येऊन उभा राहतो.

बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत राख लावत नाहीत. तिथे त्या संध्याकाळी उपासना होते आणि मग आठवड्यातून एकदा लेंटच्या सभा भरतात, कधी चर्चमध्ये तर कधी घरोघर. तुमच्या घरी सभा घ्यावी का असं विचारलं, तर नाही म्हणायला संकोच करू नका. होकार दिलात, तर चहापाण्याचं शेजाऱ्यांवर सोपवा.

उपवास: आधी तब्येत

कॅथलिक नियम असा. भस्म बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) १८ ते ५९ वयाच्यांनी उपवास करायचा. म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं. चौदा वर्षांपुढच्यांनी मांस वर्ज्य करायचं. आजारी माणसांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना सूट आहे.

शोकातल्या माणसाची भूक आधीच मेलेली असते. दोन-दोन दिवस चहावर काढलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तीच वर कडक उपवास धरू पाहतात. तसं करू नका. तुमची झोप आणि जेवण बिघडलेलं असेल तर यंदाचा उपवास म्हणजे वेळेवर दोन घास खाणं, हे फादरांना विचारून ठरवा. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात उपवासाबरोबर प्रार्थना आणि दानधर्मही सांगितला आहे. त्यातलं दान तुम्हाला पेलेल. काय सोडायचं याचा विचार बाजूला ठेवा आणि गेलेल्या माणसाचं एखादं काम उचला. आई आळीतल्या एकट्या म्हातारीला रविवारी कालवण पाठवत असेल तर ते पाठवा. वडील कुणा मुलाच्या वह्या-पुस्तकांचं पाहत असतील तर ते पाहा. एकच काम घ्या, चाळीस दिवस पुरेल असं.

रोज दहा मिनिटं: रडणाऱ्यांची स्तोत्रं

या काळात बायबल उघडायचं तर कुठे, असा प्रश्न येतो. स्तोत्रसंहितेतली १३, २२, ८८ आणि १३० ही चार स्तोत्रं पुरेत. मोठ्याने वाचा, घरात एकटे असाल तरी. तेराव्यात ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. बाविसावं येशूने क्रुसावर म्हटलं: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ अठ्ठ्याऐंशीव्याचा शेवट अंधारात होतो, त्यात आशेची एकही ओळ पुढे येत नाही. ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं त्यांनी हे स्तोत्र वगळलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. देवाशी भांडायला इथे जागा ठेवलेली आहे.

दुसरं वाचन योहानाच्या सुवार्तेचा अकरावा अध्याय, लाजराची गोष्ट. चर्चमध्ये वाचायच्या पाठांच्या तीन वर्षांच्या चक्रात पहिल्या वर्षी उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी हाच पाठ असतो. २०२६ हे त्यापैकी एक वर्ष. सावकाश वाचा. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस तिथेच थांबतो. तो पोहोचतो तेव्हा लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. लाजराची बहीण मार्था त्याला रस्त्यात गाठून म्हणते, ‘प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ थोड्या वेळाने दुसरी बहीण मरिया येते आणि तेच वाक्य जसंच्या तसं म्हणते. दोघी बहिणींनी घरात बसून चार दिवस हेच वाक्य एकमेकींशी बोललं असणार. ज्या घरात ‘अर्धा तास आधी नेलं असतं तर’ हे वाक्य रोज फिरतं, त्या घराला हे कळतं. आणि येशू या वाक्याबद्दल दोघींनाही रागावत नाही. मार्थेशी तो बोलतो. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडतो. थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार आहे, हे ठाऊक असूनही रडतो. म्हणून पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने रडू नये असं कुणी सांगितलं, तर त्याला हा अध्याय दाखवा.

पंडिता रमाबाईंचं चरित्र याच संदर्भात आठवतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरीही केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या या बाईने बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे त्या उपवासकाळातच गेल्या. भाषांतर पुढे १९२४ मध्ये छापून आलं. लाजराचा अध्याय शब्दाशब्दाने मराठीत आणणाऱ्या या बाईच्या घरात किती रिकाम्या जागा होत्या, हे मी तो वाचताना विसरू शकत नाही.

शुक्रवारची क्रुसाची वाट

येशूच्या क्रुसापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थानं असतात. भिंतीवरच्या चित्रांपुढे, किंवा आमच्याकडे कित्येकदा उघड्यावर, चालत ही प्रार्थना होते. नवख्याने पुस्तिका हातात घ्यावी आणि लोकांबरोबर उठावं-बसावं, एवढंच. शोकात असाल तर चौदाही स्थानांवर मन लावायचा अट्टाहास धरू नका. एकच स्थान निवडा. मूल गमावलेल्या आया बहुधा चौथ्याशी किंवा तेराव्याशी थांबतात: चौथ्यात येशूला आई भेटते, तेराव्यात त्याचा देह क्रुसावरून उतरवून तिच्या मांडीवर देतात. ज्यांनी महिनोन् महिने रुग्णाची सेवा केली आहे, त्यांना पाचवं जवळचं वाटतं, कारण तिथे शिमोन कुरेनेकर दुसऱ्याचा क्रूस उचलतो. तुमचं स्थान आलं की मनात नाव घ्या. बाकीची स्थानं इतर लोक तुमच्यासाठी चालतील.

इथे भेटायला येणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘देवाला आवडला म्हणून नेला’, ‘देवाची इच्छा’, ‘तू आता घट्ट हो’ ही वाक्यं दारातच सोडून या. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. डबा आणलात तर परत द्यावा लागणार नाही अशा भांड्यात आणा.

पवित्र आठवडा

झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक असते, आणि लगेच त्याच मिस्सेत येशूच्या दुःखसहनाचा लांब पाठ वाचला जातो. उभं राहवलं नाही तर बसा.

गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होतो. ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा गप्प होतात, त्या थेट ईस्टरच्या रात्री वाजतात. मिस्सा संपल्यावर वेदीवरची कापडं काढून ती उघडी करतात, आणि लोक पवित्र साक्रामेंतापुढे (ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीपुढे) जागरणाला बसतात. दवाखान्यात रात्री जागून काढलेल्यांना ही रात्र नेमकी टोचते. अर्धा तास बसा आणि घरी जाऊन झोपा. येशूला धरलं त्या रात्री गेथसेमानीच्या बागेत शिष्यांनाही झोप आवरली नव्हती.

उत्तम शुक्रवारी मिस्सा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास योहानाचा दुःखसहनाचा पाठ, साऱ्या जगासाठी प्रार्थना, मग क्रुसाचं चुंबन आणि आदल्या दिवशी ठेवलेल्या साक्रामेंतातून कम्युनियन (ती भाकर ग्रहण करणं). प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा बारा ते तीन उपासना असते आणि क्रुसावरच्या सात वचनांवर एकेक संदेश होतो. तिसऱ्या वचनात येशू आपल्या आईला आणि शिष्याला एकमेकांच्या हवाली करतो. मरणाऱ्याने मागे राहणाऱ्यांची सोय लावली, हे लक्षात घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची जबाबदारी भावंडांत ठरली नसेल, तर बोलायला याहून चांगला दिवस नाही. घरी आल्यावर पेज घ्या. पोट रिकामं ठेवून रडत झोपू नका.

आता शनिवार. या दिवसाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि शोक करणाऱ्याचा खरा दिवस हाच आहे. दिवसभर चर्चमध्ये काहीच नसतं. वेदी उघडी, मंजूषा (साक्रामेंत ठेवायची पेटी) रिकामी, तिचं दार सताड. बहुतेक घरांत मात्र ईस्टरची धावपळ सुरू होते: मटण, फुग्यांचं (तळून करायच्या गोळ्यांचं) पीठ, मुलांचे कपडे. त्या धावपळीत शनिवार हरवतो. लूक सांगतो की येशूला पुरल्यावर स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथाला आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. त्यांना रविवारी काय होणार हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी सगळं संपलं होतं, हात रिकामे होते, आणि कुठेही जाता येत नव्हतं. अंत्यविधीची गर्दी पांगल्यानंतरचे दिवस असेच असतात. प्रेषितांच्या मतांगीकारात (विश्वासाच्या कबुलीत) आपण म्हणतो की ख्रिस्त ‘अधोलोकात उतरला’. त्या शनिवारी तो मेलेल्यांमध्ये होता, ही चर्चची जुनी श्रद्धा आहे. तुमचं माणूस जिथे गेलं, तिथे तो जाऊन आला आहे.

म्हणून शनिवारची सकाळ राखून ठेवा. कबरस्थानात जा. ऊन चढायच्या आत, बादली, जुना ब्रश आणि गवत काढायला विळा घेऊन. दगडावरचं मेण खरवडून काढा, नावाच्या अक्षरांतली माती ओल्या कापडाने पुसा, सुकलेले हार गोळा करा. प्रार्थना सुचली नाही तरी चालेल, हातांना काम असतं. मुलं यायची म्हणाली तर न्या, आणि ‘बाबा झोपलेत’ असं त्यांना सांगू नका; बाबा वारले, त्यांचा देह इथे पुरला आहे, आणि देव त्यांना उठवील असा आपला विश्वास आहे, असं सरळ सांगा. मुंबई-वसईकडे बऱ्याच ठिकाणी जागेअभावी कबर काही काळाने दुसऱ्यासाठी उघडतात. तुमची कबर तशी असेल तर मुदत चर्चच्या ऑफिसात आधीच विचारून ठेवा, म्हणजे एखाद्या दिवशी जाऊन धक्का बसणार नाही.

जागरणाची रात्र आणि रविवार

शनिवारी रात्री अंधारात चर्चच्या अंगणात नवा अग्नी पेटवतात. त्यावर पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लागते. तिच्यावर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही अक्षरं आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात, आणि पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे खोचतात. अंधाऱ्या चर्चमध्ये ती आत नेतात, आणि तिच्यावरून लोकांच्या लहान मेणबत्त्या एकेक करून पेटतात. मग उत्पत्तीपासून सुरू होणारी लांब वाचनं, ग्लोरिया आणि घंटा, सुवार्ता, स्नानसंस्काराचं (बाप्तिस्म्याचं) पाणी.

ही मेणबत्ती नीट पाहून घ्या. वर्षभर स्नानसंस्काराच्या वेळी बाळाची मेणबत्ती तिच्यावरून पेटवतात, आणि अंत्यविधीत तिला शवपेटीजवळ ठेवतात. तुमच्या माणसाच्या पेटीशेजारी ती उभी होती. त्या गर्दीत बहुधा तुमच्या लक्षात आली नसेल.

आलेलुया सुरू झाल्यावर गळा दाटला तर गाऊ नका. गाण्याचं काम गायनमंडळ करेल. पूर्ण जागरण झेपणार नसेल तर अग्नी आणि मेणबत्तीपर्यंत थांबा आणि घरी जा, नाहीतर सकाळच्या मिस्सेला या. काही प्रोटेस्टंट मंडळ्या ईस्टरच्या पहाटे सूर्य उगवायच्या वेळी कबरस्थानात उपासना घेतात. जवळपास अशी असेल तर मी तिचीच शिफारस करीन, कारण तिथे शोक आणि आनंद यांपैकी एक घरी ठेवून यावं लागत नाही.

त्या दिवशीचा पाठ योहानाच्या विसाव्या अध्यायातला आहे. तो अध्याय पुढेही वाचा. मरिया मग्दालिया कबरीपाशी रडत उभी आहे. ‘बाई, का रडतेस?’ असं तिला आधी देवदूत विचारतात, मग येशू विचारतो. ती त्याला माळी समजते. रडणाऱ्या डोळ्यांना तो दिसत नाही, आणि त्याबद्दल तो तिला बोल लावत नाही, फक्त नावाने हाक मारतो. पुढे शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातांवर आणि कुशीत जखमा तशाच आहेत. उठलेल्या देहावरही त्या राहिल्या. आठवड्याने तो थोमाला त्याच जखमा दाखवतो. तुमच्या मनात ईस्टरनंतरही व्रण राहिला, तर त्यात विश्वासाची काही उणीव नाही.

जेवणाचं काय? इंद्याल (मांसाचं मसालेदार कालवण) आणि फुगे आई करायची आणि आई गेली, तर यंदा शेजारणीकडून आले तरी चालतात. गोडधोड करायचं नाही असं काही घरांत वर्षभर पाळतात, काहींत पाळत नाहीत. घरातल्या मोठ्यांना विचारा, पण मुलांसाठी एक-एक ईस्टर एग आणायला हरकत नसावी.

सोमवारनंतर

फोन थांबतात, पाहुणे जातात, आणि बरेच जण याच आठवड्यात कोसळतात. ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत चालतो. २०२६ मध्ये २४ मेपर्यंत, २०२७ मध्ये १६ मेपर्यंत. या पन्नास दिवसांत लूकच्या चोविसाव्या अध्यायातली अम्माऊसच्या वाटेवरच्या दोन शिष्यांची गोष्ट वाचा आणि त्या दोघांसारखं कुणाबरोबर तरी चाला, अक्षरशः, संध्याकाळी अर्धा तास. ते दोघे ‘आम्हाला आशा होती’ असं भूतकाळात बोलत चालले होते, आणि येशू त्यांना न ओळखू येता त्यांच्या बरोबरीने चालत राहिला.

वर्षाची मिस्सा पवित्र आठवड्यात येत असेल तर महिनाभर आधी ऑफिसात जा. त्या आठवड्यात मृतांसाठीची खास मिस्सा घेत नाहीत, शुक्रवारी तर मिस्साच नसते, तेव्हा आधीची किंवा ईस्टरनंतरची तारीख मागून घ्या. आणि काही महिने उलटूनही झोप लागत नसेल, कामावर जाता येत नसेल, किंवा आपणही जावं असे विचार येत असतील, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. तसे विचार येत असतील तर थांबू नका, आजच फोन करा, आणि घरातल्या एकाला तरी सांगा.